भरताच्या जाळावरची ताटं

डोळे मिटा आणि समजा, तुमची शाळा यावलजवळच्या एका गावात आहे. कुंपणापलीकडे केळीच्या बागा. हिवाळ्याची सकाळ. मैदानात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ पेटलाय आणि त्यावर हिरवी वांगी भाजताहेत. आज शाळेत भरीत पार्टी! वास आला? आता त्या वासात एक खोकला ऐका. कोरडा, शेवटी शिट्टी वाजणारा. तो उमरचा.

उमर पहिलीत होता आणि त्याला दमा होता. दिवाळीनंतर शाळेमागे कुणीतरी प्लॅस्टिकचा कचरा पेटवला, तेव्हा त्याला तीन दिवस जळगावच्या दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. त्याची बहीण रूही सहावीत. कचरा जाळणं बंद करा म्हणत ती रोज मुख्याध्यापक योगेंद्र सरांच्या दारात उभी राहायची. शेवटी सरांनी नियम केला आणि तिनेच तो भिंतीवर रंगवला : आमच्या शाळेत कचरा जाळत नाहीत.

आज हरित शाळेची तपासणी करायला पाहुणे येणार होते. रूही भाषण करणार होती.

तिचे अब्बा, नासीरभाई, केळी कापणाऱ्या टोळीत कामाला. बागेचे मालक पितांबर नाना यांना विचारून दोघा बापलेकींनी त्यांच्या बागेतून पहाटे पानं कापून आणली आणि एकेक पान ओल्या फडक्यानं पुसलं. सर म्हणाले, "छान. पण पाहुणे मोठे आहेत गं, पानावरून भरीत ओघळतं. मी थर्माकोलची ताटं आणलीत. पानं मागे मांडून ठेव, फोटोत हिरवं दिसेल."

रूहीने पानं मागे नेऊन मांडली.

जेवणं झाली. पाहुणे चहाला आत गेले. ओट्यावर दोनशे उष्ट्या ताटांचा ढीग पडला आणि गावातली कचरागाडी गुरुवारशिवाय येत नव्हती.

"आता पाहुणे फिरून बघतील," सर घाईघाईने म्हणाले. "ढीग दिसायला नको. नीलेश, जाळ आहेच पेटलेला. टाक त्यात."

सातवीच्या नीलेशला काय, गंमतच! पहिलं ताट आक्रसलं, गळलं, काळं झालं. मग दुसरं, मग हातात मावतील तेवढी. काळा, जड धूर व्हरांड्यात शिरला. तिथे स्वयंपाक करणाऱ्या बेबाबाईंजवळ उमर बसला होता.

"सर, थांबवा! उमर आहे तिकडे!"

"त्याला आत ने. पाच मिनिटांचं काम आहे."

"सर, भिंतीवर लिहिलंय…"

"भिंतीवरचं मला शिकवू नकोस. तू भाषण पाठ केलंस ना? तेवढं कर."

मुलांनो, मी ही गोष्ट शांतपणे सांगायला बसलो होतो. पण इथे मला राग येतो आणि तो मी गिळणार नाही. कारण ऐका. याच सरांनी सकाळी पऱ्हाटीच्या भाऱ्यातून खताच्या प्लॅस्टिक पिशवीचा बोटाएवढा तुकडा वेचून बाहेर फेकला होता. का? "भरताला वास लागेल," म्हणून! त्यांना ठाऊक होतं. खानदेशातल्या प्रत्येक भरीत करणाऱ्याला ठाऊक असतं. न कळून केलेली चूक मी समजू शकतो. ही कळून केलेली होती.

रूहीलाही तो तुकडा आठवला.

"सर, सकाळी भरताला वास लागेल म्हणालात," ती ओरडली. "वांग्याची काळजी केलीत. माझ्या भावाच्या छातीला वास लागत नाही का?"

सर लालबुंद झाले. "लहान तोंडी फार बोलतेस!"

"रूही, व माय, इकडे ये!" बेबाबाई हाक मारत होत्या. "पोराले श्वास घेता येऊ नही राह्यला!"

रूही धावली. दोघींनी उमरला उचलून धान्याच्या खोलीत नेलं आणि खिडकी लावून घेतली. रूहीने दप्तरातून पंप काढून त्याच्या तोंडाला लावला. एकदा. दोनदा. त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. बेबाबाईंनी फोन करून नासीरभाईंना बोलावलं आणि रिक्षा घेऊन यायला सांगितलं. हळूहळू शिट्टी जराशी कमी झाली, पण खिडकीच्या फटीतून धूर येतच होता.

बाहेर माइक खरखरला. "आता आपली विद्यार्थिनी रूही हिचं भाषण!"

"उमरला धरा, अक्का," रूही बेबाबाईंना म्हणाली आणि बाहेर आली.

चहा घेऊन बाहेर आलेले पाहुणे खुर्च्यांवर रुमालाने नाक झाकून बसले होते. ती माइककडे गेली नाही. हात धुवायला ठेवलेली भरलेली बादली तिने दोन्ही हातांनी उचलली आणि जाळावर ओतली. फस्स झालं. चिमट्याने तिने वितळलेल्या ताटांचा काळा गोळा घमेल्यात घेतला आणि नेऊन पाहुण्यांच्या टेबलावर, गुच्छाशेजारी ठेवला.

"अगं, हे काय?" एका पाहुण्या बाईंनी विचारलं.

रूहीने भाषणाचा कागद उघडून पहिली ओळ वाचली, "आमच्या शाळेत कचरा जाळत नाहीत."

पुढचं तिने वाचलं नाही. जाळ मधोमध अजून धुमसत होता. कागद तिने घमेल्यात टाकला, रिकामी बादली उचलली आणि नळाकडे पळाली.