तांब्याभर पाणी

कार्तिकातलं कोवळं ऊन नळदुर्गच्या आमच्या शाळेत आधी शिक्षकखोलीच्या खिडकीशी यायचं, आणि मग शमीमच्या हातातल्या कोऱ्या चहाच्या ग्लासात उतरून डाळिंबी व्हायचं. काठाशी दोन बोटांत धरलेला तो ग्लास ती उजेडात संथ फिरवायची. "तुर्कस्तानात ह्या रंगाला सशाचं रक्त म्हणतात, ताई." मी आपला दुधाचा चहा फुंकत राहायची.

इतिहास दोघीही शिकवायचो. माझ्या तासाला तो वहीत उतरायचा, तिच्या तासाला डोळ्यांत. 'तोफ' हा शब्दसुद्धा तिकडूनच चालत आलाय, हे ती किल्ल्याच्या बुरुजावर नेऊन सांगायची. त्या देशानं लिपी बदलली आणि आजोबांची पत्रं नातवांपुढं मुकी झाली, हे सांगताना तिचा स्वर असा मंदावत जाई, की मागचा बाकही श्वास धरून बसे. त्या शांततेचा मला मत्सर वाटे. हा शब्द आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

इस्तंबूलला शिकायला तिची निवड झाली. तिला आई नव्हती. म्हणून निघताना स्टँडवर तिनं भरलेला तांब्या माझ्या हाती दिला.

"गाडी हलली की मागं पाणी टाका, ताई. तिकडं घरची आई-बाई टाकते, रीतच हाय तशी. पाण्यासारखं जावं, पाण्यासारखं परत यावं."

"अगं, आमच्यात पाणी सोडलं म्हणजे विषयच संपला!"

"मग सोडू नका की, टाका!" ती खळखळून हसली.

सोलापूरची गाडी हलली. शमीम पलीकडच्या खिडकीशी होती, मागचं तिला दिसणार नव्हतं. मी तांब्या उचलला, आणि ते पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकलं. तहान नव्हती. तिनं परत येऊ नये, एवढंच होतं.

महिन्यानं तिचं पत्र आलं. 'ताई, तुमच्या पाण्यावर भरवसा आहे. येतेच.'

त्याला आठ वर्षं झाली. ती तिकडंच शिकवते, रमली म्हणतात. पाण्यानं कुणी येत नाही, अडतही नाही, हे मला कळतं. तरी ऊन रिकाम्या खिडकीशी आलं, की वर्ग घ्यायला उठवत नाही. काळ पाण्यासारखा वाहून जातो, असं मीच मुलांना सांगते. माझा मात्र तिच्या वाटेवर न पडलेल्या त्या पाण्यासारखा घशातच थांबून आहे.