मामांच्या पाठीशी

मामांनी उजवा हात वर नेला आणि मूठ आवळायला सुरुवात केली, तोच वरून येणारी लोखंडी तुळई लाकडी ठोकळ्यांच्या वीतभर वर थांबली. मूठ अजून पुरती मिटलीही नव्हती. मामांनी मान वळवून नव्याने भरती झालेल्यांकडे पाहिलं.

"बघितलंत? माझा हात बोलायच्या आधी ताईला कळतं. याला म्हणतात शिस्त."

क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या ताईने तुळई अलगद ठोकळ्यांवर टेकवली. ती नेहमीसारखी मामांच्या डोक्याच्या जराशी वर, एका बाजूला बघत होती. हिची नजर माझ्या हातावर कमी आणि हेल्मेटवर जास्त असते, अशी चेष्टा मामा करत. त्यावर यार्डातले सगळे हसत, पण ते हसणं फार लवकर संपे. मामांच्या मागे थोडं अंतर ठेवून त्यांचा भाचा उभा होता. नवी माणसं आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर त्याने दोन्ही हात खिशात घातले.

मामा म्हणजे यार्डाचे मुकादम. त्यांच्या बहिणीचा मुलगा इथे कामाला लागला, त्याच्या तोंडून सगळ्यांनी 'मामा' उचललं आणि बघता बघता ते सगळ्या यार्डाचे मामा झाले. जो आधीच मामा आहे त्याला आणखी कोण मामा बनवणार, असा विनोद ते स्वतःच करत. अवजड यंत्रं उचलून जागेवर नेऊन बसवायची, हे इथलं काम. भार हवेत असताना ऑपरेटरने एकाच माणसाचे हात पाहायचे, हा त्यातला पहिला नियम, आणि ते हात मामांचे. वॉकीटॉकीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बॅटरी मरते, हात मरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

अलीकडे त्यांना बोलण्याची गोडी लागली होती. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी एकदा त्यांना सभागृहात नेतृत्वावर बोलायला उभं केलं, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून मामांच्या दर दोन वाक्यांत एक धडा असे. माणसाने नम्र असावं, हे ते फार जोरात सांगत. आणि प्रत्येक नव्या तुकडीला ते मुनीची गोष्ट सांगत.

मुनी हा ताईच्या आधीचा ऑपरेटर. दिवसभर तोंडातून शब्द निघत नसे, म्हणून मुनी. एके दिवशी मामांची मूठ मिटलेली असताना भार चालतच राहिला, झुलला आणि खांबावर आदळला. मध्ये यार्डातल्या वेल्डरचा पाय होता. मुनीचं लक्ष हातावर नव्हतं, दुसरं काय कारण असणार? मामांनी त्याला त्याच संध्याकाळी कामावरून कायमचं घरी पाठवलं. मुनीने स्वतःच्या बाजूने एक शब्द काढला नाही, म्हणजे त्याला चूक कबूल होती.

"त्या दिवशी मला जेवण गेलं नाही," मामा नेहमीच्या जागी थांबून म्हणाले. "पण पुढारी व्हायचं तर छातीवर दगड ठेवावा लागतो. जो पुढे उभा राहतो, त्याने डोळे उघडे ठेवायचे. बाकीच्यांनी त्याच्यावर डोळे ठेवायचे. बस."

नव्या माणसांनी माना डोलावल्या. जुन्यांपैकी कोणी दोरखंड गुंडाळायला लागला, कोणी हातमोजे झटकायला. वेल्डर आपला आखडलेला पाय ओढत शेडकडे निघून गेला. सगळ्या यार्डात अळीमिळी गुपचिळी. मामांना ती शांतता आदराची वाटली.

दुसऱ्या दिवशी मोठं काम होतं. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात नवा पंप बसवायचा होता. एखाद्या खोलीएवढं धूड. दारातून आत जाणं शक्य नव्हतं, म्हणून छताला चौकोनी तोंड पाडलं होतं. पंप भिंतीवरून उचलून त्या तोंडातून आत सोडायचा आणि खाली जमिनीत रोवलेल्या बोल्टांवर टेकवायचा. भाराखाली कोणी उभं राहायचं नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण शेवटच्या हातभर अंतरात पंपाला धरून नीट वळवायला दोन माणसं आत, त्याच्या कडेला, लागतातच. आणि पंप तिरका झाला तर त्या दोघांना पळायला जागा नव्हती.

रात्रीचं जेवण भाचा मामांकडेच करत असे. मामीने वाढलं. मामांनी तांब्या उचलून पेल्यात पाणी ओतलं तेव्हा निम्मं टेबलावर गेलं. मामी फडकं घेऊन आली, डोळे एकदा दाखवून या म्हणाली, आणि म्हणताना तिने भाच्याकडे पाहिलं. मामा म्हणाले, चष्मा पुसायला हवा, एवढंच. भाचा बराच वेळ ताटातलं इकडचं तिकडे करत होता.

"मामा, उद्या तुम्ही ऑफिसात बसून सगळं बघा ना," तो शेवटी म्हणाला. "साहेब असतील, पाहुणे असतील. छतावर मी उभा राहतो."

मामांचा घास हातातच राहिला. बहीण गेल्यावर या पोराला त्यांनी वाढवलं, त्याला नोकरीला लावलं, आणि आता त्याची नजर आपल्या जागेवर आहे. त्यांना फार वाईट वाटलं. राग त्यानंतर आला.

"उंटावरून शेळ्या हाकायला मला जमत नाही," ते म्हणाले. "छतावर मीच उभा राहणार. तुला पुढं यायची एवढी घाई झालीय तर उद्या खाली उतर. वेल्डरबरोबर पंप धरायला तू."

मामीच्या हातातलं भांडं खाली पडलं. भाचा तिच्याकडे बघून बारीक मान हलवत 'नको' म्हणाला, आणि मग मामांना म्हणाला, "बरं."

आयुष्यात विनयाचा धडा कधीतरी शिकावाच लागतो, असं मामांनी झोपताना मामीला ऐकवलं. मामी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती जागी होती हे त्यांना कळत होतं.

सकाळी आभाळ दाटलेलं होतं आणि वारा अजिबात नव्हता. मामांनी साखळ्या तपासल्या, साहेबांशी हात मिळवला, हेल्मेटचा पट्टा आवळला. छताच्या जिन्यावर चढताना त्यांना दिसलं, भाचा क्रेनच्या शिडीवर उभा राहून केबिनमधल्या ताईशी काहीतरी बोलत होता. ताई नाही-नाही म्हणत मान हलवत होती. भाच्याने तिच्यापुढे हात जोडले. मामांना हे चमत्कारिक वाटलं. मग भाचा उतरला आणि पंपघराच्या दारातून आत अंधारात गेला.

पंप जमिनीवरून सुटला. साखळ्या ताणल्या गेल्या, धूड हळूहळू भिंतीच्या वर आलं आणि एवढ्या अवजड वस्तूने करू नये इतक्या अलगद छताकडे सरकू लागलं. मामांचे हात चालत होते. इकडे, अजून इकडे, हळू. पंप त्या चौकोनी तोंडाच्या वर आला. मामांनी मूठ मिटली. आज पहिल्यांदाच भार मूठ मिटल्यावर थांबला, आधी नाही. एरवी त्यांनी ताईला याबद्दल बोलणी ऐकवली असती.

त्यांनी वाकून पाहिलं. पंपाच्या चारी बाजूंनी मोकळी जागा होती. आत खोल भाचा आणि वेल्डर समोरासमोर, तोंडं वर करून उभे होते. मामांनी तळहात जमिनीकडे केला आणि सावकाश खाली नेला. सोड.

पंप हलला नाही.

त्यांनी पुन्हा खूण केली. क्रेनचं इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. मामांनी केबिनकडे पाहिलं. ताईने दोन्ही हात लिव्हरवरून काढून समोरच्या काचेवर टेकवले होते, सगळ्यांना दिसतील असे. ती मामांच्या हाताकडे बघत नव्हती. त्यांच्या डोक्याच्या जराशी वर, एका बाजूला, ती काहीतरी शोधत होती.

मामा मागे वळले. मागे छताचा कठडा होता आणि त्यापलीकडे काळवंडलेलं आभाळ. तिथे कोणीच नव्हतं. रोज तिथे कोण असतं, हे आठवायला त्यांना वेळ लागला नाही, पण त्याचा अर्थ त्यांनी मनात शिरू दिला नाही. साहेब खालून बघत होते. यार्ड बघत होतं. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगली मोकळी जागा आहे हे ताईला दाखवायला ते छताच्या तोंडापाशी गेले, वाकले, आणि पंप व काँक्रीटची कड यांच्या मधल्या फटीत त्यांनी हात खुपसला.

हात लोखंडावर आपटला. बोटांची सालटी निघाली. फट नव्हतीच. पंपाचा जवळचा कोपरा तोंडावर नसून काँक्रीटवर आलेला होता, निदान वीतभर आत. मामांनी पुन्हा चाचपलं. तोच कोपरा, तेच काँक्रीट. भार खाली सोडला असता तर हा कोपरा अडला असता, पंप दुसऱ्या बाजूला कलंडला असता आणि आत गेला असता.

गुडघ्यावर बसून त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला. सगळं जसंच्या तसं दिसत होतं. मग उजवा झाकला. पंप, साखळ्या, क्रेन, सगळं दुधाळ होऊन पुसून गेलं. हे कधी झालं, त्यांना ठाऊक नव्हतं. एका डोळ्याने दुसऱ्याचं काम इतके दिवस चोरून चालवलं होतं. वेल्डरचा पाय ज्या दिवशी चिरडला, त्या दिवशीची आपली मूठ त्यांनी डोळ्यांपुढे आणून पाहिली. ती वेळेवर मिटली होती, हे त्यांनी इतक्या जणांना सांगितलं होतं की आता खरं काय ते त्यांना स्वतःला आठवेना.

त्यांनी छताच्या त्या तोंडातून खाली हाक मारली.

"मुनीच्या वेळी हात कोणाचा चुकला?"

भाच्याचा चेहरा खालच्या अंधारात नीट दिसत नव्हता.

"मामा, आधी हे खाली घेऊ," तो म्हणाला.

मामांना जे विचारायचं होतं ते विचारून झालं होतं. ते उठले. खाली साहेबांनी काय झालं म्हणून हात उडवला, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. भाच्याला वर यायला सांगून ते जिना उतरू लागले. अर्ध्यावर दोघांची गाठ पडली. जिना अरुंद होता, कोणीतरी अंग चोरल्याशिवाय दुसऱ्याला जाता येईना. भाचा भिंतीला टेकून उभा राहिला. मामांनाच त्याची कीव आली.

"माझ्याकडे बघू नकोस," मामा म्हणाले. "आता ताईकडे बघ."

आणि ते भिंतीला चिकटून त्याच्या बाजूने खाली उतरले.

पंपघरात ओल होती आणि गंजाचा वास. मामा इथे शेवटचे कधी उभे राहिले होते? तरुणपणी, मुकादम होण्याआधी. बोल्टांच्या पलीकडे वेल्डर चांगल्या पायावर भार देऊन उभा होता. मामा भाच्याच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी वर पाहिलं. वर पंपाचं काळं पोट होतं आणि त्याच्या कडांनी थोडासा उजेड. क्रेन दिसत नव्हती. छतावरचा माणूस दिसत नव्हता. इतकी वर्षं ज्यांना ते इथे उतरवत आले, त्या सगळ्यांना हेच दिसत असणार.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पाय माझाच होता, मामा."

"मग बोलला का नाहीस?"

वेल्डरच्या आवाजात राग नव्हता, आणि मामांना तेच जास्त लागलं. तो म्हणाला, दवाखान्यात पहिला भेटायला आला तो मुनी. आपण सगळे मिळून साहेबांकडे जाऊ, असं वेल्डरने त्याला सांगितलं. मुनी नको म्हणाला. मामांनी आपल्या सगळ्यांना कामाला लावलंय, हात धरून शिकवलंय, त्यांना असं खाली ओढायचं नाही. आणि सांगून त्यांना पटणारही नाही.

"मग तोच म्हणाला, मामांच्या पाठीशी कोणीतरी उभं राहायला हवं. रोज. त्यांना कळू न देता. तुमच्या भाच्याला खुणा मुनीनेच शिकवल्या. पोरगा अजून सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे जातो, शिकायला."

मुनीचं तोंड त्यांना आठवत होतं, त्या संध्याकाळचं, मान खाली घातलेलं. ती चुकीची कबुली आहे असं ते धरून चालले होते.

"मी तर त्याला सगळ्यांसमोर..." एवढं म्हणून ते थांबले.

"होय," वेल्डर म्हणाला. "दर वेळी."

वर साखळी करकरली. कडेचा उजेड एका बाजूला सरकला, मग दुसऱ्या, आणि हळूहळू बारीक होत गेला. पंप तोंडातून आत येऊ लागला.

"हात वर धरा, मामा," वेल्डर म्हणाला. "आला."

मामांनी दोन्ही हात वर केले. छतावर आता कोणती खूण चालली आहे, ते इथून दिसत नव्हतं.