कुलपाच्या पोटातले चार कण

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. राग मानू नका. संशय हेच माझे काम.

माझी उमेदीची वर्षे भिंगांच्या कारखान्यात गेली. काचा घासायची जाडी पूड जिथे पोत्यांत भरून ठेवत, त्या कोठारावर मी बारा वर्षे लटकलो. वारा सुटला की पूड माझ्या तोंडात जाई. पोटात किरकिर व्हायची. म्हातारपण आले, असे समजून मी गप्प राहिलो. कोठार पाडले, तेव्हा तिथेच काचा घासणाऱ्या आत्यांनी मला घरी नेले.

आत्यांनी वीस वर्षे लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्या होत्या. आता त्यांना स्वतःसाठी एक वाटोळी काच घासायची होती. तिचा दुर्बिणीचा आरसा करायचा आणि त्यातून चंद्र पाहायचा. रोज कामावरून आल्यावर त्या काचेवर काच फिरवत आणि गुणगुणत,

फिर गं काचे, फिर गं बाई,
चांदोबाला नाही घाई.

आधी जाड्या पुडीने, मग मधल्या, शेवटी पिठासारख्या बारीक. शेवटी शेवटी जाडा कण एक जरी आला, तरी काचेवर ओरखडा उठतो आणि सारे पहिल्यापासून. म्हणून जाड्या पुडीची बरणी अंगणात राही. पहिली काच मात्र त्यांच्या भावजयीने, वहिनींनी, कपाट झाडताना पाडली. दुसरी आली, तसा मी कपाटावर चढलो. वहिनींवर माझा डोळा पहिल्या दिवसापासून होता.

सात महिन्यांनी ओरखडा उठला.

"वहिनी, तुम्ही कपाट उघडलं होतंत?"

"किल्ली तुमच्या गळ्यात, वन्सं. मी काय मुंगी होऊन आत शिरू?"

आत्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगणातली बरणी उघडली. पाच महिन्यांनी पुन्हा ओरखडा. या वेळी त्यांनी विचारलेही नाही. दोघींचा अबोला सुरू झाला; ताट वाढले की भांड्याचा आवाज, तेवढेच बोलणे. वहिनी कपाटापाशी जरा रेंगाळल्या की मी दात आवळून धरी.

"ताई, आयती दुर्बीण आणू या ना," भाऊ म्हणाला.

"आयतीच आणायची, तर वीस वर्षं मी काय शिकले?" म्हणत आत्यांनी तिसऱ्यांदा बरणी उघडली.

एक दिवस माझ्या पोटात किल्ली अडकली. आत्या नेहमीप्रमाणे कोपरापर्यंत हात धुऊन उभ्या होत्या. त्या आधी हात धूत आणि मग मला उघडत. वहिनी तेलाची बाटली घेऊन आल्या. तेल सोडले, किल्ली फिरवली, मला काढून काळ्या तव्यावर उलटे आपटले.

चार कण पडले. चकाकणारे.

आत्यांनी एक कण चिमटीत चोळला. वीस वर्षांची बोटे. त्यांना विचारावे लागले नाही. कारखान्याची जाडी पूड. रोज धुतलेल्या हातांवर ती मीच ठेवत होतो, मित्रांनो. साऱ्या घरावर पहारा केला, आपले पोट तेवढे तपासायचे राहिले.

"सापडली बघा मुंगी," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, मी तुम्हाला उगाच..."

"असू दे. हात धुवा आधी. कुलूप काढल्यावर धुवायचे."

कपाटाला मग कुणी कुलूप लावले नाही. वर्ष सरता सरता आरसा झाला. दिवेलागणीला गच्चीवर दुर्बीण चंद्राकडे तोंड करून उभी राहिली. आत्यांनी वहिनींना पुढे केले. वहिनी बराच वेळ वाकून पाहत राहिल्या.

"वन्सं, यालाही ओरखडे आहेत की."

"असू देत," आत्या म्हणाल्या. "तो मी घासलेला नाही."

अबोला धरल्यापासून दोघी पहिल्यांदाच एकत्र हसल्या.

मी आता खिडकीजवळ खिळ्याला उघडाच लटकतो. तुमच्या घरीही माझ्यासारखे जुने कुलूप असेल. त्याला वर्षातून एकदा तेल द्या, काळ्या तव्यावर उलटे आपटा. आणि काय पडते ते पाहीपर्यंत कुणाशी अबोला धरू नका.