दोन किल्ल्यांचे कुलूप

मित्रांनो, दोन्ही हात आडवे पसरून उभे राहा आणि एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंतचे अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. ते जवळजवळ तुमच्या उंचीइतकेच भरेल. हे मला ठाऊक आहे, कारण माझी लांबी याच हिशेबाने ठरली. मी एक कुलूप आहे. तुमच्या पेटीला किंवा कपाटाला लागते तसले नव्हे. मी एखाद्या खाटेपेक्षा लांब आहे आणि माझ्या दोन टोकांना दोन भोके आहेत. डोंगरातल्या एका मोठ्या तळ्याच्या तोंडावर लोखंडी दरवाजा आहे. तो वर-खाली करणारे चाक मी अडवून धरतो.

माझ्या जन्माची गोष्ट तळ्याखालच्या खोऱ्यापासून सुरू होते. खोऱ्यातल्या लोकांची भाषा वेगळी, देश मात्र खालच्या मैदानातल्या लोकांचा तोच. राजधानी दूर, मैदानात. खोऱ्यातल्या शाळेत कोणती भाषा शिकवायची, कुठले झाड तोडायचे, हे सारे तिथून ठरायचे आणि इथे कुणालाच पटायचे नाही. बरीच वर्षे कुरबुरी चालल्या, मग भांडणे झाली. शेवटी दोन्हीकडची शहाणी माणसे एका टेबलाशी बसली. सैन्य, चलन आणि परदेशांशी व्यवहार राजधानीने पाहावा, शाळा, जंगल आणि रस्ते खोऱ्याने निवडून दिलेल्या सभेने पाहावेत, असे ठरले. यालाच स्वायत्तता म्हणतात. घर एकच, पण आपल्या खोलीत खाट कुठे ठेवायची ते आपण ठरवायचे.

घोडे अडले ते पाण्यावर. तळे खोऱ्याचे, पण त्यातून निघणारी नदी मैदानातल्या शहरांना पाणी पुरवते. मग हे पाणी कुणाचे? दोघांचे. दरवाजा दोघांनी मिळून उघडायचा, एकट्याने कुणीच नाही. हे कागदावर लिहिणे सोपे होते. ते लोखंडात उतरवायचे काम एका कुलूपवाल्याकडे आले. तो सतत कानशीने काही ना काही घासत बसायचा, म्हणून सारे त्याला कानसकाका म्हणत.

कानसकाकाने खोऱ्यातल्या सर्वांत उंच माणसाला बोलावले. तो पोस्टमन होता. त्याचे टोपणनाव शिडी. काकाने त्याला भिंतीशी उभे करून हात पसरायला लावले, खडूने खुणा केल्या आणि वर एक वीत वाढवली.

"एवढं लांब कुलूप कशाला, काका?" शिडीने विचारले.

"एका माणसाचे हात दोन्ही भोकांना पोचले, तर दोन किल्ल्यांचा उपयोग काय?"

"आणि उद्या कुणी माझ्याहून उंच जन्माला आला तर?"

"तर त्याच्या आईला सांगू, जेवायला जरा बेतानं वाढ."

काकाने माझ्या दोन्ही टोकांना स्प्रिंगा बसवल्या. किल्ली सोडली की ती आपोआप मागे येते. दोन्ही किल्ल्या एकाच वेळी फिरवून धरल्या तरच माझ्या पोटातला दांडा सरकतो. आधी एक, मग दुसरी, असे चालत नाही.

उजवी किल्ली राजधानीने नेमलेल्या अभियंत्याकडे गेली. डावी खोऱ्याकडे आली आणि तिच्यासाठी एक रीत पडली. ती सभेच्या कपाटात ठेवायची नाही. वर्षभर एका घरी राहील, मग त्या घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने ती पुढच्या घरी द्यायची. ती हातात पडेपर्यंत पुढच्या घराचे वर्ष सुरू होत नाही. ज्या घरी किल्ली, त्या घरातल्या कुणी तरी दरवाजा उघडायच्या दिवशी चढ चढून माझ्यापाशी यायचे.

पहिल्याच दिवशी वाद झाला. किल्ल्या एकदम फिरवायच्या, म्हणजे कुणी तरी एक-दोन-तीन म्हणायला हवे. पण कोणत्या भाषेत?

"दरवाजा आमचा, आकडे आमचे," खोऱ्याचा माणूस म्हणाला.

"देश सगळ्यांचा, आकडे देशाचे," अभियंता म्हणाला.

चाकाला तेल देत बसलेला कानसकाका वैतागला. "उघडताना एकाचे म्हणा, बंद करताना दुसऱ्याचे! माझं कुलूप बहिरं आहे, त्याला दोन्ही सारखेच!"

मी बहिरा नव्हतो, पण तोड छान होती. तेव्हापासून दरवाजा खोऱ्याच्या भाषेत उघडू लागला आणि राजधानीच्या भाषेत बंद होऊ लागला. दोन्हीकडचे लोक एकमेकांचे निदान तीन आकडे तरी शिकले.

ते माझे चांगले दिवस होते. दूरदूरची माणसे मला पाहायला येत. एकदा एक शिक्षिका वर्गाला घेऊन आली आणि मुलांना म्हणाली, "जगात अशी स्वायत्त ठिकाणं बरीच आहेत. काही बेटं आहेत, काही डोंगर, काही बर्फाचे प्रदेश. कुठे स्वतःची संसद आहे, कुठे स्वतःची टपालाची तिकिटं. कुठे हे छान चालतं, कुठे नुसतं कागदावर उरतं."

"कागदावर का उरतं, बाई?" एका मुलीने विचारले.

"कधी कुणी हिसकावून घेतं," शिक्षिका म्हणाली. "आणि कधी लोकच विसरतात."

हिसकावून घेणे मला समजले. विसरण्याचे मात्र मला खरे वाटले नाही. एवढे भांडून मिळवलेले कुणी विसरेल कसे?

पुढे एक फार भला अभियंता आला. तो खोऱ्याची भाषा अस्खलित शिकला. लग्नकार्यात पहिले बोलावणे त्याला असायचे. त्या सुमारास किल्ली पाववाल्या मावशींच्या घरी होती. मावशींची भट्टी पहाटेच पेटायची आणि दरवाजाही नेमका सकाळीच उघडावा लागायचा. मावशी धापा टाकत वर यायच्या आणि खाली जाईपर्यंत पाव कोळसा झालेले असायचे.

एके दिवशी अभियंता म्हणाला, "मावशी, दर वेळी कशाला हेलपाटा? किल्ली इथे माझ्या कचेरीत ठेवा. तुमचा मुलगा आमच्याच खात्यात ड्रायव्हर आहे, तो फिरवेल डावीकडची. सभेला विचारल्याशिवाय मी चाकाला हात लावणार नाही."

"देवमाणूस आहात," मावशी म्हणाल्या. "राहू दे तुमच्याकडेच. थंडी सरली की नेते."

थंडी सरली. भट्टी चालू राहिली. पुढच्या घराने विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, "अहो, ती वर साहेबांकडेच आहे." तेही म्हणाले, "मग राहू दे की. तेवढीच पायपीट वाचली." त्यापुढच्या घराने विचारलेसुद्धा नाही. अभियंत्याने शब्द पाळला. प्रत्येक वेळी तो सभेला फोन करायचा, होकार आला की मगच उघडायचा. फक्त हरवू नये म्हणून त्याने दोन्ही किल्ल्या एकाच कडीत अडकवल्या.

ती कडी खिळ्याला लटकायची आणि वाऱ्याने किल्ल्या एकमेकींवर किणकिणायच्या. ऐकायला गोड वाटायचे. मला मात्र त्या आवाजाने कसेसेच व्हायचे. एक-दोन-तीन म्हणणेही थांबले. साहेब नुसती मान डोलावायचा आणि ड्रायव्हर किल्ली फिरवायचा. नोकर आणि मालक यांना कसली आली मोजणी! मला तेल रोज मिळायचे, पुसला जायचो, तरीही मी ओस पडलो होतो. गंज नेहमी बाहेरूनच लागतो असे नाही.

मग भला अभियंता निवृत्त झाला. त्याच्या जागी एक तरुण अभियंताबाई आल्या. कामाला चोख, बोलायला मोजक्या. त्यांच्या हाती ती कडी आली. भलेपणा मात्र कडीत अडकवून देता येत नाही.

त्याच वर्षी पाऊस हुलकावणी देऊन गेला. तळे खाली गेले. मैदानातल्या शहरांत नळ कोरडे पडले आणि राजधानीहून हुकूम आला की दरवाजा पूर्ण उघडा.

त्या सकाळी बाई माझ्या उजव्या टोकाशी उभ्या होत्या आणि मावशींचा मुलगा डाव्या. कडीतून काढलेल्या दोन्ही किल्ल्या भोकांत होत्या.

"मॅडम, पूर्ण उघडला तर तळ्यातल्या आमच्या नळाचं तोंडच पाण्याबाहेर उघडं पडेल," ड्रायव्हर म्हणाला. "खोऱ्याला प्यायला पाणी राहायचं नाही."

"मला माहीत आहे. मी आकडेमोड करून वर कळवलं होतं. उत्तर आलं, उघडा." बाईंचा आवाज कोरडा होता. "म्हणे सभा बसायची कधी, ठरवायची कधी! दोन्ही किल्ल्या तुमच्याकडेच आहेत ना? मग अडचण काय, असं विचारतात. आता सांगा, मी काय कारण देऊ?"

 ड्रायव्हरने किल्ली फिरवली नाही. तो चढाकडे पाहत होता. सकाळी चहा पिताना त्याने घरी सारे सांगितले होते. चढावरून कोपरापर्यंत पीठ लागलेल्या पाववाल्या मावशी येत होत्या.

"फिरवू नकोस रे!"

"आई! भट्टी कोण बघतंय?"

"करपू दे. एकदा भट्टी सांभाळत बसले, त्याचंच हे झालं." त्यांनी श्वास घेतला आणि हात पुढे केला. "किल्ली दे."

"आई, माझी नोकरी जाईल."

"मी किल्ली मागतेय, नोकरी नाही."

अभियंताबाई पुढे आल्या. "मावशी, तुम्ही सभेच्या कुणी आहात का? कोणत्या अधिकारानं मागताय?"

"अधिकार कसला, आमची रीत आहे," मावशी म्हणाल्या. "किल्ली पुढच्या घराच्या हातात पडेपर्यंत आधीच्या घराचं वर्ष संपत नाही. मी ती कुणाला दिलीच नाही. इथे ठेवून गेले. म्हणजे अजून माझंच वर्ष चालू आहे, बाई. फार लांबलं, माझाच आळस. पण संपलेलं नाही."

 ड्रायव्हरचा हात अजून माझ्या डाव्या भोकातल्या किल्लीवर होता. बाईंनी चाकाकडे पाहिले, तळ्याकडे पाहिले. मग त्या म्हणाल्या, "द्या त्यांना."

त्याने किल्ली काढून आईच्या पिठाळ तळव्यावर ठेवली. बाईंनी तिथेच उभ्या राहून राजधानीला फोन लावला.

"साहेब, दरवाजा उघडता येत नाही," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा लागला. "दुसरी किल्ली माझ्याकडे नाही. हो, कुलूप तसंच केलेलं आहे. तुम्हाला सभेशीच बोलावं लागेल."

मित्रांनो, त्या दिवशी मला कळले की दुसरी किल्ली फक्त खोऱ्याला वाचवत नाही. हातात सगळे असलेल्या माणसालाही 'नाही' म्हणायला ती आधार देते.

सभा बसली. ती दुपारीच बसली, कारण आता बसण्याला अर्थ होता. राजधानीहून माणसे आली. खाली मैदानातही तहानलेली लेकरे होती. हे मावशींनीच सभेत सर्वांत आधी सांगितले. "पाणी द्यायचं नाही असं कोण म्हणतंय? विचारायचं, एवढंच." शेवटी दरवाजा थोडासा उघडायचा, नळाच्या तोंडाखाली तळे जाऊ द्यायचे नाही, आणि पाऊस येईपर्यंत दोन्हीकडे पाणी तोलून वापरायचे, असे ठरले. कुणाचेच पोटभर समाधान झाले नाही, पण कुणी तहानलेलेही राहिले नाही.

उघडायच्या दिवशी डाव्या टोकाला मावशी उभ्या राहिल्या, उजव्या टोकाला बाई. किल्ल्या भोकांत गेल्या.

"आता मोजा," मावशी म्हणाल्या. "उघडताना आमच्या भाषेत."

"मला तुमचे आकडे येत नाहीत."

"तीनच तर आहेत. माझ्या मागून म्हणा."

दोघींनी मिळून मोजले. बाईंचा दुसरा आकडा चुकला, ड्रायव्हरला हसू फुटले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. तिसऱ्या आकड्याला माझ्या पोटातला दांडा सरकला. असा हलका मी कितीतरी वर्षांनी सरकलो होतो.

त्याच संध्याकाळी मावशींनी किल्ली शेजारच्या घरी नेऊन दिली, हातात. शेजारी म्हणाले, "आमचे गुडघे दुखतात हो." मावशी म्हणाल्या, "मग मला हाक मारा. मी हात धरून वर नेईन. पण किल्ली तुमचीच."

मी आता म्हातारा झालो आहे. कधी ना कधी माझ्या जागी चकचकीत नवे कुलूप येईल, मला त्याचे दुःख नाही. एक मात्र मागतो. कुठल्याही गोष्टीची किल्ली तुमच्या हाती आली, मग ती वर्गाची असो, गावाची असो की देशाची, आणि समोरचा माणूस कितीही भला असला, तरी 'राहू दे तुमच्याकडेच' असे म्हणू नका. माझे काय, मला वर्षातून दोन थेंब तेल पुरते. किल्लीला मात्र रोज कुणाच्या तरी खिशाची ऊब लागते.