या वर्षीचा फायदा

अर्थखात्यात त्यांना सगळे कात्रीसाहेब म्हणत आणि त्यांना या नावाचा अभिमानच होता. संशोधनाच्या निधीची फाइल आली की ते आधी शेवटचं पान उलटत. तिथे एक रकाना असे: 'या वर्षी होणारा फायदा'. तो नीट भरलेला असला तर मंजुरी, नाहीतर लाल शाई!

गेल्या वर्षी गोचिडींवर संशोधन करणाऱ्या एका केंद्राने त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'आत्ताच सांगता येत नाही.' कात्रीसाहेब पोट धरून हसले. "जनतेच्या पैशानं गोचिडी मोजणार म्हणे!" त्यांनी लाल रेघ ओढली आणि वीस वर्षांचं केंद्र बंद पडलं.

आज ते इस्पितळात उभे होते. टेकडीवरच्या सहलीहून आल्यापासून बायको तापाने फणफणली होती. आता तर ती माणसं ओळखेनाशी झाली होती.

"डॉक्टर, कुठूनही औषध आणतो. नुसतं नाव सांगा!"

"औषध इथेच आहे हो, साध्या गोळ्या आहेत. पण गोचीड चावून येणारे, असेच दिसणारे ताप चार आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. दोन औषधं देऊन झाली, आता अंदाजाने तिसरं देणं त्यांना झेपायचं नाही. कुठला ताप ते सांगणारी रक्ततपासणी एकच केंद्र बनवायचं, गोचिडींचं. ते गेल्या वर्षी बंद झालं."

"कुठल्या गाढवानं बंद केलं?" मेव्हणा ओरडला.

 अरे देवा! ते गाढव मेव्हण्याच्या शेजारीच उभं होतं!

डॉक्टरांचा फोन जाताच त्या केंद्राच्या प्रमुख बाई धावत आल्या. केंद्राला कुलूप लागताना उरलेलं साहित्य त्यांनी मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत जपून ठेवलं होतं. दोन तपासण्यांपुरतंच होतं ते. एक वापरली, ताप ओळखला गेला, गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी बायकोने डोळे उघडून विचारलं, "तुम्ही जेवलात का?" कात्रीसाहेब ढसाढसा रडले.

"बाई, तुमच्या फाइलवरची लाल रेघ माझी होती."

"माहीत आहे. सही वाचता येते मला."

"तरी आलात?"

"गोचीड हुद्दा बघून चावत नाही, साहेब. मग आम्ही कशाला बघू?"

"पण तो रकाना भरायचा होता हो, काहीतरी लिहून!"

"खोटं लिहू? वीस वर्षांपूर्वी या तापाचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. नफा दिसल्याशिवाय दुकानदार पैसा घालत नाही, म्हणून तर सरकारनं घालायचा. तहान लागल्यावर विहीर खणून कसं चालेल? आता एकच तपासणी उरलीय. पुढे दोन रुग्ण आले, तर त्यांतला कुठला निवडू, तेवढं सांगा."

 कात्रीसाहेब तडक कचेरीत गेले आणि केंद्राची जुनी फाइल पुन्हा उघडली. त्या रकान्यात 'माझी बायको' असं लिहावंसं त्यांना फार वाटलं. पण पुढच्या वर्षी कुणाची बायको, कुणाचं लेकरू, हे कुणाला ठाऊक? त्यांनी लाल शाईने तो रकानाच खोडला आणि फेरविचाराची शिफारस लिहून फाइल स्वतः वरच्या साहेबांकडे नेली.

मंडळी, 'असल्या संशोधनाचा काय उपयोग?' म्हणून आपणही घरात बसून हसतोच ना? हसण्याआधी एवढं ध्यानात ठेवू या: ज्या दिवशी उत्तराची गरज पडते, त्या दिवशी ते आधीच कुणीतरी शोधून ठेवलेलं असावं लागतं.