लिंबाखालची चावी

"असशील तर उघड, साळूबाई!" पुंजाराम महाराज ओरडला, आणि माझ्या गाडीची डिक्की खटकन उघडली.

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत भरदुपारी शंभरावर माणसं जमली होती. सगळ्यांनी एकदम हात जोडले. माझी बहीण वच्छलाबाई ऊर बडवायला लागली. "वैनी आली गं माय! वैनी आली!"

माझी मुलगी दीपमाला सात महिन्यांची पोटुशी, बाळंतपणाला माहेरी आलेली. ती खुर्चीवरून उठली आणि उघड्या डिक्कीत डोकं घालून "आई, आई" करायला लागली. आत स्टेपनी होती आणि एक रिकामं पोतं.

मी पुढं होऊन तिला परत खुर्चीवर बसवलं.

डिक्की उघडली तेव्हा गाडीच्या दहा हातांत कुणी नव्हतं. महाराज लांब ओट्यावर बसला होता. त्याच्यापुढं पाट, पाटावर माझ्या गाडीची चावी, चावीवर लाल कापड, कापडावर लिंबू. लिंबावर तळहात ठेवून तो सांगत होता, "वाहनाचा जीव चावीत ऱ्हातो. चावी झाकली का जीव बांधला. जीव बांधला का मेलेलं माणूस बोलतं." तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. "बैठकीत हाय, मंग करतो," म्हणाला आणि परत डोळे पांढरे केले.

मग माझ्याकडं बघून त्यानं निकाल दिला. "कडूबाभाऊ, तुमच्या मंडळींची वासना पोरीच्या पोटातल्या लेकरात अडकली. पोरीच्या गोळ्या बंद. दवाखान्याची पायरी चढली तर ती लेकरू घिऊन जाईल. अवसेला मी बंधन घालतो. तवर गाडीला कुणी हात लावायचा नाय."

साळू लेकरू घेऊन जाईल! जी मरायच्या आदल्या दिवसापर्यंत जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत होती. सात झाली होती. आठवं अजून मशीनच्या सुईखाली आहे.

साळूबाई बीपीनं गेली. गोळ्या घ्यायची नाही, मीही पाठीमागं लागलो नाही. आता दीपमालाचंही बीपी वाढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि आठ दिवसांनी बोलावलं होतं. त्या दुपारपासून तिनं गोळ्या बंद केल्या. मी ओरडलो तर म्हणाली, "दादा, आई येतीय. तुम्हाला ती नको का?"

मी गोळ्यांची पट्टी तिच्या उशाशी ठेवली.

हे सगळं दहाव्याला सुरू झालं. पैठणला गोदावरीच्या काठी पिंड ठेवला, कावळा काही शिवेना. नातेवाईक एकेक पुढं येऊन कबूल करू लागले. लेकीचं बाळंतपण नीट करू. फर्दापूरच्या भावाकडं येणं-जाणं ठेवू. मशीन विकणार नाही. तास गेला. कावळे झाडावर बसून बघत होते. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. परत येताना एका गतिरोधकावर डिक्की आपोआप उघडली आणि स्टेअरिंगसमोर लाल दिवा लागला. वच्छलाबाई मागच्या सीटवरून किंचाळली, "इच्छा राहिली! वैनी गाडीत बसली!" दुसऱ्या दिवशी तिनंच पुंजारामला आणला.

मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो. असले महाराज फुकट नेले आहेत, उतरवलेही आहेत. पण खोटं कशाला बोलू? पैठणहून आलो त्याच संध्याकाळी एकटाच गाडी चालवत होतो. तो लाल दिवा लागला आणि मी त्याला "साळू" अशी हाक मारली. म्हणून पहिल्या बैठकीला मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला पुंजारामपेक्षा जास्त किळस येते.

दोन दिवसांनी दीपमालाचे पाय सुजले. बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहायचा. दवाखान्यात चल म्हटलं तर येईना. मी वच्छलाबाईला न सांगता गाडी काढली आणि हबीब मिस्त्रीकडं नेली. वीस वर्षांची ओळख.

हबीबभाईनं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही. डिक्की उघडली आणि खालची लोखंडी कडी, जिच्यात वरचं कुलूप अडकतं, ती बोटानं चाचपली.

"ये क्या बांधे तुम?"

कडीला काहीतरी गुंडाळलेलं होतं. ग्रीस आणि धूळ बसून लोखंडासारखंच काळं झालेलं. त्यानं ब्लेडनं कापून माझ्या हातावर ठेवलं. काळा दोरा आणि दोऱ्यात ओवलेला बिब्बा. दीड वर्षापूर्वी गाडी घेतली तेव्हा नजर लागू नये म्हणून वच्छलाबाईनं पुढं-मागं दोरे बांधले होते.

"कुलूप आधाच बसता ना भाई. दोरा बीच में. खड्डा आला का उघडणारच. आन् कुलपात बटन असतंय. पुरं नाय बसलं का बत्ती लागते." त्यानं डिक्की लावली. या वेळी आवाज वेगळा आला, भरीव. लाल दिवा गेला.

"पण हबीबभाई, त्याच्यापुढं गाडी उभी होती. त्यानं म्हटलं आणि उघडली."

"हौ? चाबी कहाँ थी?"

"लिंबाखाली."

हबीबभाईनं चावी माझ्या हातातून घेतली, तिच्यावरचं डिक्कीचं बटण अंगठ्यानं दाबलं. खट. डिक्की उघडली.

दीड वर्षात ते बटण मी एकदाही वापरलं नव्हतं. मी आपला चावी फिरवून डिक्की उघडणारा माणूस.

हबीबभाई हळूच म्हणाला, "भाभी दो बार बोले थे मेरेकु. डिक्की नीट लागत नाय, बत्ती लागते. यांना टाइम नाय म्हणे, तुम्हीच येऊन बघा. मैंच नहीं आया."

मला तिनं किती वेळा सांगितलं होतं! मी म्हणायचो, जोरात आपट.

दुसऱ्याच दिवशी अवस होती. पुंजाराम आला. पाट मांडला, चावी, कापड, लिंबू. गर्दी पहिल्यापेक्षा दुप्पट. चावीतला सेल माझ्या खिशात होता.

"असशील तर उघड, साळूबाई!"

काही नाही.

"साळूबाई! उघड!"

त्याच्या मनगटाच्या शिरा फुगल्या. लिंबू फुटलं. रस कापडावरून पाटावर आला, पाटावरून त्याच्या धोतरावर. डिक्की हलली नाही.

पण बेरकी माणूस. त्यानं हात वर केले. "गेली! शांत झाली! बंधन बसलं!" लोकांनी जयजयकारही केला.

मी ओट्यावर चढलो. चावी उचलली, पुसली, सगळ्यांदेखत सेल घातला. पाटावर ठेवली, वर कापड, वर तेच फुटकं लिंबू. तळहात दाबला. खट. डिक्की उघडली. लावली, परत दाबला. परत उघडली.

"बोला," मी म्हणालो, "मला कधी सिद्धी आली?"

कुणीतरी मागून म्हणालं, "महाराज, धोतर वाळवा आधी!" पुंजाराम उठला. "नास्तिकाच्या दारात..." असं काहीतरी पुटपुटत चपला शोधायला लागला. एकच सापडली. तशीच घालून गेला.

मी वच्छलाबाईच्या हातावर तो बिब्बा ठेवला. ती पदरानं त्याच्यावरचं ग्रीस पुसायला लागली. "मी चांगल्यासाठीच बांधला व्हता रे भाऊ," म्हणाली.

लोक हसत होते. दीपमाला हसत नव्हती. ती गाडीला टेकून उभी होती.

"म्हंजी आई नव्हती?"

"नव्हती बाई."

"एकदा पण नाही?"

"एकदा पण नाही. आई गेली. चल, दवाखान्यात जाऊ."

ती रडली. दहाव्याला रडली नव्हती इतकी. पण गाडीत बसली.

डॉक्टरीणबाईंनी तिला तिथंच ठेवून घेतलं. म्हणाल्या, "अजून चार दिवस उशीर केला असता तर..." पुढचं बोलल्या नाहीत. पुंजारामला ते वाक्य पुरं करायला कुणी बसवावं, असं मला वाटलं. तो आता दुसऱ्या कुणाच्या ओट्यावर पाट मांडून बसला असेल. म्हणून हे लिहितो आहे.

डिक्की उघडली तर कडी बघा. चमत्कार दाखवणाऱ्याचा हात कशावर आहे ते बघा. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तुमचं माणूस गेलं असेल, तेव्हा तर जास्तच सावध राहा. हे लोक तेव्हाच येतात.

त्या दिवशी पैठणला आम्ही साळूला काय काय कबूल केलं. डिक्की दुरुस्त करतो, असं कुणीच म्हणालं नाही. म्हटलं असतं तरी कावळा आला नसता, त्याला त्यातलं काय कळतं? मला मात्र ते वर्षभर आधी कळायला पाहिजे होतं. मेलेलं माणूस काही मागत नाही. ते जिवंत असताना मागत असतं, तेव्हा ऐका.