विहिरीच्या काठावरचं कडवं

"चौथ्या अंकात विधवेनं विहिरीत उडी मारलीच पाहिजे," फान गुरुजी म्हणाले.

चीनमधल्या पिंगयांगच्या ड्रॅगनराजाच्या, म्हणजे पावसाच्या देवाच्या, उत्सवाचे ते प्रमुख. विधवांनी कसं वागावं यावर त्यांचं मत अगदी पक्कं होतं. स्वतः कधी विधवा झालेले नसल्यामुळे त्यात गोंधळ नव्हता.

लानशिन गालाला रंग लावत होती. आज ती विधवा, उद्याच्या नाटकात न्यायाधीश. "ती तर शेवटी सासूला सांभाळते, गुरुजी. वर्षानुवर्षं असंच चाललंय."

"म्हणूनच समाज बिघडलाय! दुसरं स्थळ सांगून आलं, त्याच दिवशी तिनं जीव द्यायला हवा. उडी नाही, तर पुढच्या वर्षी दुसरी नाटकमंडळी." गुरुजी निघून गेले.

लानशिनचा नवरा काओ पान मंडळीचा मालक, आणि या नाटकातली सासूही तोच. सासूचा पायघोळ झगा सावरत तो म्हणाला, "मार की उडी! विहीर कापडाची. खाली गवत अंथरतो."

"अहो, इतक्या गावांत मी हिला जिवंत ठेवलंय. बायका गाड्यांत बसून नाटक बघतात, रडतात, आणि दुसऱ्या दिवशी उठून चूल पेटवतात. हीच मेली, तर घरी जाऊन त्यांनी काय करायचं?"

"मग करणार काय?"

"गुरुजी म्हणतात तेच. विहिरीपर्यंत जाते."

"आणि पुढे?"

"पुढे गाणं. ते माझं."

नाटकाचा नियमच तसा. गायचं एकट्या मुख्य पात्रानं, बाकीच्यांनी नुसतं बोलायचं. शिवाय खेळ देवापुढचा. तो मध्येच थांबवला तर ड्रॅगनराजा पाऊस रोखून धरतो, हे गुरुजींनीच गावाला सांगून ठेवलेलं.

लानशिननं पडद्याआडून डोकावलं. "पहिल्या रांगेत ती म्हातारी कोण?"

"गुरुजींच्या मातोश्री. चाळीस वर्षं विधवा. त्यांच्या पाया पडल्याशिवाय गुरुजी सकाळी घास तोंडात घालत नाहीत."

"असं होय," लानशिन म्हणाली आणि केसांत फूल खोवलं.

चौथा अंक आला. विधवा विहिरीच्या काठावर चढली. गुरुजी समाधानानं सावरून बसले. लानशिननं सूर लावला: हा देह आईबापांनी दिलेला, तो मोडायचा तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला नको? मग ती वळली. "सासूबाई, उडी मारू का?"

काओ पानला हे वाक्य कुणी दिलेलं नव्हतं. तो दचकून म्हणाला, "अगं, मग राळ्याची पेज कोण शिजवणार?"

गाड्यांमधून हशा उसळला. लानशिन आता थेट पहिल्या रांगेकडे बघून गाऊ लागली:

"आजी, तुम्हीही कधी काळी विहिरीचा काठ पाहिला असेल.
त्या दिवशी उडी मारली असती,
तर गावाला असे विद्वान गुरुजी कुठून मिळाले असते?"

ढोलवाला हात वर धरून थिजला. म्हातारी काठी टेकत उठली.

"उतर खाली, पोरी! वारा सुटलाय, पाय घसरेल!"

"आई, ते नाटक आहे," गुरुजी कुजबुजले.

"मला शिकवतोस? तू एवढासा होतास, म्हणून मी मागं फिरले. सांग तिला उतरायला!"

सगळं गाव गुरुजींकडे बघत होतं. चारचौघांत मुलानं आईला उलट बोलू नये, हे त्यांनी याच गावाला वीस वर्षं घोकून घेतलं होतं. चुकणाऱ्यांना छड्याही दिल्या होत्या. ते उठले, आईपुढे वाकले आणि रंगमंचाकडे वळून म्हणाले, "उतरा."

लानशिन उतरली. मिळालेली संधी वाया जायला नको, म्हणून आणखी दोन कडवी गायली.

खेळ संपल्यावर गुरुजी पडद्यामागे आले. तोंड आंबट होतं. "पुढच्या वर्षीही तुम्हीच या. फक्त ते आजींचं कडवं..."

"ते राहणार," लानशिन रंग पुसत म्हणाली.

"राहणारच," गुरुजींनी सुस्कारा सोडला. "आईनं पाठ केलंय."